खोडणं, खरवडणं आणि 'स्क्रॅच आउट'

पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक घेतलं की पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव बरेचदा पेनाने गिचमिड करून खोडलेलं असतं. इंग्रजीत 'द नेम वॉज स्क्रॅच्ट आउट' म्हणतात ते हेच. नुसती आडवी रेघ मारलेली असेल आणि खालचं वाचता येत असेल, तर 'क्रॉस्ट आउट' जास्त नेमकं.

चूक होते ती सर्वनामाच्या जागेत. 'स्क्रॅच आउट द नेम' आणि 'स्क्रॅच द नेम आउट' दोन्ही बरोबर. पण 'इट' मध्येच बसतं: 'स्क्रॅच इट आउट'. आपलं 'खोडून टाक' अखंड राहतं, म्हणून इंग्रजी क्रियापद फोडायचं पटकन सुचत नाही. भूतकाळी 'स्क्रॅच्ट'च्या उच्चारात शेवटी 'ट' हवा, 'ड' नव्हे.

कूपनवरचा चंदेरी थर नाण्याने खरवडायचा तर 'स्क्रॅच ऑफ'. थर निघून येतो म्हणून 'ऑफ'.

दुसरा अर्थ मला फार बोलका वाटतो. 'स्क्रॅच आउट अ लिव्हिंग' म्हणजे कसंबसं पोट भरणं. कोरडवाहू तुकड्यावर राब राब राबून जेमतेम हातातोंडाची गाठ पडते, तिथे हाच प्रयोग शोभतो. बऱ्या पगाराच्या नोकरीला तो लावू नका. तिथे साधं 'अर्न' पुरतं.