सगळे बाटलीच बघत राहिले!

मे महिन्यात आईला घेऊन गाडीने सोलापूरहून तुळजापूरला निघालो होतो. तामलवाडीच्या पुढे टेंपरेचरचा काटा लालीला टेकला. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, तसा काटा जरा उतरला. त्या उन्हात आईचे हाल झाले, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो, म्हणून तेव्हा तेच करायचं. इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचं टोपण मात्र गरम असताना उघडायचं नाही, चेहरा भाजतो.

दर्शन राहिलं. परत येऊन गाडी गॅरेजात लावली आणि तिथे चार दिवस गेले. पहिल्या दिवशी बॉनेट उघडून कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीकडे बघितलं, "कूलंट फुल आहे, साहेब." थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलला. सात रस्त्यापर्यंत आलो, काटा परत वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटलीच बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलं, इंजिन खोलावं लागेल, बावीस हजार. मी विचारलं, ऑइल दुधाळ झालंय का? नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर? तोही नाही. मग कशावरून? "खोलल्याशिवाय कळत नाही." प्रेशर टेस्ट करा, दाब देऊन गळती बघा म्हटलं, तर यंत्र दुसरीकडे गेलंय, उद्या येईल. ते चौथ्या दिवशीही आलं नाही. गाडी उचलून घरी आणली. तो संताप अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोट रोडवरच्या एका वयस्कर मेस्त्रींना घरी बोलावलं. गाडी रात्रभर गार झालेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "बाटली काय बघालाव मालक, पाइप बघा की." रेडिएटरचा वरचा पाइप चपटा झाला होता! टोपण काढलं तर बाटली काठोकाठ, आणि रेडिएटर निम्मा रिकामा.

टोपणात दोन झडपा असतात. तापल्यावर दाब वाढला की एक उघडते आणि कूलंट बाटलीत जातं, गार होताना दुसरी ते परत ओढून घेते. ही दुसरी अडकली होती. परतीची वाट बंद, म्हणून पाइप आत ओढला गेला. टोपण दोन-अडीचशेचं. नवं बसवलं, हीटर चालू ठेवून कूलंट भरलं, हवा काढली, संपलं.

ट्रॅफिकमध्येच तापत असेल आणि हायवेला ठीक असेल, तर आधी रेडिएटरचा फॅन बघा. एसी लावल्यावर तो फिरलाच पाहिजे. आणि काढलेला पार्ट मागून घ्या. मी जुना थर्मोस्टॅट आणला होता. पातेल्यात पाणी तापवून त्यात टाकला, तर पाणी उकळायच्या आतच व्यवस्थित उघडला. चांगला पार्ट काढून नव्याचे पैसे घेतले होते. परत मागायला गेलो. दिले नाहीत.