मधल्या खोलीची तुळई

गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यापासून जवळच असलेल्या एका गल्लीत तळमजला अधिक तीन मजल्यांची लाकडी सांगाड्याची एक जुनी इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरचे घर नीट करून देण्याचे काम दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. घर म्हणजे ओळीने चार जागा: रस्त्याकडची बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. काका, काकू आणि त्यांची मुलगी तिथेच राहून काम करून घेणार होते. त्यामुळे एका वेळी एकच खोली रिकामी करायची, तिचे सामान उरलेल्या जागांत कोंबायचे आणि ती पुरी झाली की पुढच्या खोलीला हात लावायचा, असे ठरले.

या धंद्यात एकोणीस वर्षे काढल्यावर मला एवढे पक्के ठाऊक आहे की जुन्या घराचे काम खोलीमागून खोली करायचे असेल, तर सुरुवात मोरीपासून करावी. पाणी कुठून कुठे जाते हे कळल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावू नये. तरीही मी बाहेरच्या खोलीपासून सुरुवात केली. मेअखेरीस मुलीचा साखरपुडा घरीच व्हायचा होता, पाहुणे बाहेरच्या खोलीत बसणार होते, आणि काकूंनी ज्या आर्जवाने सांगितले त्यापुढे माझा नियम टिकला नाही. ती चूक माझी होती, काकूंची नव्हे.

बाहेरची खोली मात्र देखणी झाली. जमिनीवर सिमेंटच्या नक्षीच्या जुन्या फरश्या होत्या, त्या काढून वर चकचकीत टाइल्स बसवाव्यात असे मुलीचे म्हणणे होते. मी त्या ठेवल्या. अशा फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात. रंगीत सिमेंटचा जेमतेम काही मिलिमीटरचा थर साच्यात घालून तो दाबयंत्राखाली घट्ट केलेला असतो आणि मग फरशी पाण्यात मुरवलेली असते. आयात फरश्यांना स्वदेशी पर्याय म्हणून १९२२ साली भारत टाइल्सने त्या करायला घेतल्या. घासायच्या यंत्राचा जाड दगड त्यांच्यावर फिरवला की नक्षी उडते, म्हणून आम्ही बारीक दगडाने आणि भरपूर पाण्याने त्या घासल्या. दरवाजापाशी पिढ्यानपिढ्यांच्या पावलांनी फिकट झालेला पट्टा तसाच राहू दिला. भिंतींवरचे डिस्टेंपरचे पापुद्रे खरवडले, चुन्याच्या गिलाव्याची डागडुजी चुन्यानेच केली आणि फिकट बदामी रंग दिला. एप्रिल संपता संपता खोली तयार झाली आणि सगळे खूश झाले.

मधल्या खोलीच्या पीओपीच्या खोट्या छतावर मागच्या कोपऱ्यात ताटाएवढा पिवळसर डाग होता. त्यावर कोणीतरी ऑइल पेंट मारून तो झाकायचा प्रयत्न केला होता. मी काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "ते फार जुनं आहे हो. वरच्यांची मोरी पूर्वी गळायची, आता बंद झालंय." मी वहीत "जुना डाग" असे लिहिले. ते पान मी अजून फाडलेले नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, साखरपुड्याला बारा दिवस उरले असताना, आम्ही ते पीओपी उतरवायला घेतले. पंधराएक वर्षांपूर्वी कोणा ठेकेदाराने ते तारांवर टांगले होते. मूळचे लाकडी छत मोकळे करून त्याला पॉलिश करावे, अशी माझी कल्पना होती. अशा इमारतींत भिंतींवर आणि खांबांवर सागाच्या तुळया टेकलेल्या असतात, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी आणि तक्तपोशीवर कोबा व फरशी. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या मुंबईतल्या जुन्या (उपकरप्राप्त) इमारतींच्या 'अ' वर्गातल्या कितीतरी इमारतींचा सांगाडा हा असाच आहे. त्यातला साग बहुधा ब्रह्मदेशातून जहाजाने आलेला असतो. सुतार त्याला नुसतेच "बर्मा" म्हणतात, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणतात.

पावणेअकराच्या सुमारास कोपऱ्यातला शेवटचा तुकडा खाली आला आणि त्याच्यामागून ओल्या गोणपाटासारखा वास आला. आमचे मिस्त्री रत्नागिरीकडचे, वयाने साठीच्या पुढचे. ते शिडीवर चढले आणि हातोडीच्या दांड्याने तुळईच्या मधोमध ठोकले. ठण असा स्वच्छ आवाज आला. ते भिंतीकडे सरकत ठोकत गेले. शेवटच्या दीड-दोन फुटांत आवाज बदलला आणि उशीवर ठोकल्यासारखा भद्द झाला. त्यांनी खिशातला पेचकस काढून तुळईच्या कुशीत टेकवला. हाताला जोर द्यावा लागला नाही, चार इंचांचे पाते मुठीपर्यंत आत गेले. ते बाहेर काढले तेव्हा त्याला काळसर चिकट भुसा लागला होता.

"मॅडम, पोरांना बाहेर काढा," एवढेच ते म्हणाले.

सागाला वाळवी सहसा लागत नाही, त्यामुळे तो अमर असतो असा आपल्याकडे समज आहे. पण सतत ओला राहिलेला कोणताही साग कुजतोच. तुळईचे भिंतीत घुसलेले टोक सर्वांत आधी जाते. लाकडाच्या रेषा तिथे उघड्या पडलेल्या असल्यामुळे ते टोक पाणी शोषून घेते, आणि चारी बाजूंनी विटा असल्यामुळे त्याला वारा लागत नाही. या टोकाच्या नेमकी वर दुसऱ्या मजल्यावरची मोरी होती.

मी जिना चढून वर गेले. दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्याच होत्या, मुलगा-सून कामावर गेलेली. मोरीच्या कडेला लोखंडी घोडीवर ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी होती आणि ती पाऊण भरलेली होती. त्या गल्लीत पाणी पहाटे दोन-अडीच तास येते, म्हणून घरोघरी असा साठा असतो. भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन, आणि ते उभे होते पेचकस मुठीपर्यंत आत गेलेल्या त्या टोकावर.

टाकी रिकामी करायला हवी हे मी आजींना सांगितले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी त्यांच्या घरातला देव्हारा हलवायला आले आहे.

"अगं, पहाटे साडेचारला उठून भरलंय मी ते. उद्यापर्यंत मी काय करू?"

त्यांना पटवण्यापेक्षाही मोठी अडचण वेगळीच होती. टाकीचा नळ सोडला असता तर सगळे पाणी त्याच मोरीतून गेले असते आणि त्याच तुळईत झिरपले असते. पाणी ओतायचे नव्हते, उचलून न्यायचे होते. मी जिन्यात उभी राहून हाक मारली, आणि मग जे झाले ते सांगून खरे वाटणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कळशी घेऊन आल्या, शेजारच्या बिऱ्हाडातून दोन बादल्या आल्या, कॉलेजला सुट्टी असलेली तीन मुले जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने उभी राहिली. कोणाचा हंडा कोणाकडे गेला याचा हिशेब आजी दारात उभ्या राहून तोंडी ठेवत होत्या, आणि संध्याकाळी त्यांना एक पातेलेसुद्धा कमी आले नाही. चोवीस-पंचवीस बादल्या पाणी अर्ध्या तासात इमारतभर वाटले गेले. तुळईला आधार द्यायच्या आधी तिच्यावरचे जवळजवळ चारशे किलो असे उतरले.

आधार देणे हे त्याहून नाजूक काम. मधल्या खोलीत टेकू उभा करणे सोपे, पण त्या खोलीची जमीनही लाकडी तक्तपोशीच. वरचा भार टेकूने नुसता खाली आणला, तर तो पहिल्या मजल्याच्या कड्यांवर बसतो आणि एका तुळईचे दुखणे दुसरीला लागते. टेकू थेट जोत्यापर्यंत न्यावा लागतो, म्हणजे तळमजल्यावर नेमक्या त्याच रेषेत दुसरा टेकू उभा करावा लागतो. तळमजल्यावर बाइंडिंगचे दुकान होते आणि त्या रेषेवर शाळेच्या वह्यांचे गठ्ठे रचलेले होते. जून तोंडावर, म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. दुकानदारांनी माझे सगळे ऐकून घेतले, एकदा वर छताकडे पाहिले, आणि कामगारांना म्हणाले, "गठ्ठे हलवा रे, आधी माणसं."

दुपारी तीनला स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. तोवर भाड्याचे लोखंडी टेकू, म्हणजे प्रॉप, येऊन पडले होते. त्यांनी खाली आणि वर दोन्हीकडे तीन-तीन कड्यांना पुरतील अशा जाड फळ्या घालायला लावल्या आणि ताकीद दिली की आज तुळई उचलायची नाही, फक्त धरायची. मिस्त्री प्रॉपची चाकी बोटांनी फिरवत होते. फळी तुळईला टेकली तसे त्यांनी हात थांबवला आणि कान लावला. करकर आली नाही. सहा वाजेपर्यंत दोन्ही मजल्यांवर मिळून आठ प्रॉप उभे होते. त्याच संध्याकाळी आम्ही घरमालकांना लेखी कळवले, इंजिनिअरच्या टिपणीसह. पुढच्या परवानग्यांची कहाणी इथे सांगण्यासारखी नाही. कागद जसे फिरतात तसे फिरले.

साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले, पंगत गच्चीवर नेली आणि मधल्या खोलीत प्रॉप उभे राहिले. कोणीतरी हौसेने त्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. मिस्त्री आहेर घेऊन आले ते आधी मधल्या खोलीत गेले, सगळ्या माळा वर सरकवून एकेक पिन तपासली, आणि मगच पेढा तोंडात घातला.

जूनमध्ये वरची मोरी फोडली तेव्हा दुखण्याचे मूळ दिसले. सर्वांत वर सिरॅमिकच्या टाइल्स होत्या, त्यांच्याखाली मोझॅक, त्याखाली शहाबादी फरशी, आणि मधे मधे विटांचे तुकडे घालून केलेला कोबा. मोरी गळली की दर वेळी जुने न काढता वर एक नवा थर चढवला गेला होता. जाडी सात इंच भरली. चार फूट बाय पाच फुटांच्या मोरीत हे वजन सहाशे किलोंच्या पुढे जाते. गळती थांबवायला म्हणून घातलेला प्रत्येक थर त्या कुजत्या टोकावरचा भार वाढवत होता, आणि पाणी मात्र सर्वांत खालच्या फरशीच्या सांध्यांतून पूर्वीसारखेच जात होते. डेब्रिजच्या गोण्या मोजताना मिस्त्रींनी शिवी घातली. ती कोणाला उद्देशून होती हे मी विचारले नाही.

तुळईचे कुजलेले अडीच फूट कापून काढले. चांगल्या लाकडाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनल लावून आरपार बोल्ट घातले आणि ते चॅनल भिंतीत काँक्रीटच्या नव्या बैठकीवर टेकवले. लाकडाचे नवे टोक भिंतीपासून दोन बोटे अलीकडे ठेवले, म्हणजे त्याला वारा लागत राहील. त्याआधी खचलेली तुळई जागेवर आणण्यासाठी प्रॉपची चाकी रोज थोडी थोडी, आठ दिवस फिरवली. एकूण उचल सहा मिलिमीटरची. पाचव्या दिवशी सकाळी काकूंनी मला बाहेरच्या खोलीत बोलावले. दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत, माझ्या फिकट बदामी रंगावर, केसासारखी भेग गेली होती. काकू काहीच बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागले. ती भिंत मी नंतर माझ्या खर्चाने पुन्हा केली.

वरची नवी मोरी हलकी आणि पातळ ठेवली, वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवले, आणि पाण्याची जाळी बुजवून ४८ तास पाणी भरून ठेवले. पातळीच्या रेषेवर खडूने खूण केली. त्या दोन दिवसांत मी खालून टॉर्च मारून किती वेळा पाहिले ते सांगत नाही. खूण हलली नाही. टाकीऐवजी आता २०० लिटरचे दोन पिंप घेतले आणि ते समोरच्या भक्कम भिंतीच्या कडेला, एकमेकांपासून लांब ठेवले.

तिसऱ्या दिवशी आजी जिना उतरून खाली आल्या. त्यांना आपल्या मोरीची खालची बाजू पाहायची होती. त्यांनी बोल्ट मोजले, चॅनलवरच्या लाल रंगाला बोट लावून पाहिले, टाकी नेमकी कुठे होती ते मला दाखवायला लावले. मग म्हणाल्या, "आणि माझ्या स्वयंपाकघराखालची? ती कोण बघणार?"

मिस्त्री हातोडी घेऊन तोवर पुढच्या खोलीत गेलेच होते. काकूंनी ओट्यावरचे डबे बाजूला केले, त्यांनी शिडी लावली, तुळईच्या मधोमध ठोकले आणि मग भिंतीपाशी ठोकले. दोन्हीकडे आवाज सारखाच आला, तेव्हा आजी कठड्याला धरून जिना चढू लागल्या.