आबाजीचा फोटो आणि रोमानियाचे पिक्चर

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि आमच्या समोरच्या खोलीत कापूस पार आढ्याला टेकला होता, भाव वाढतील या आशेवर गावात कोणीच विकून नाही राहिलं, मग झोपायचं कुठं तर त्याच ढिगावर चादर टाकून. अंग खाजवते, पण ऊब मस्त असते. तिथंच लोळत, छातीवर लॅपटॉप ठेवून, रात्री अकराला मी 'आफेरिम' लावला. नागपूरच्या जुन्या रूमपार्टनरनं नाव सांगितलं होतं, रादू जुदे म्हणून रोमानियाचा डायरेक्टर आहे, पाहून घे, तुमच्या गावासारखं आहे काहीतरी, एवढंच बोलला. मला वाटलं घोडे असतील, धूळ असेल, शेतं असतील. एक वाजता पिक्चर संपला तेव्हा डोळ्यासमोर माझे आबाजी होते, आणि झोप काही आली नाही.

पिक्चर २०१५ चा, बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट डायरेक्टरचं सिल्व्हर बेअर मिळालेला, पण आहे ब्लॅक अँड व्हाइट. गोष्ट १८३५ ची, वालाकियाची, म्हणजे आजच्या रोमानियाचा दक्षिणेकडचा भाग. कोस्तान्दिन नावाचा एक शिपाईगडी आपल्या पोराला, इओनित्साला, सोबत घेऊन घोड्यावर निघतो, कामगिरी काय तर जमीनदाराच्या वाड्यातून पळालेला एक गुलाम शोधून आणायचा. गुलाम रोमा जमातीचा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात ते, नाव कार्फिन. मला खरंच माहीत नव्हतं की युरोपात, अमेरिकेत नाही, युरोपात, रोमा लोक जवळपास ५०० वर्षं गुलाम होते, जमीनदारांचे, मठांचे आणि राजाचे, आणि ती गुलामी शेजारच्या मोल्दावियात १८५५ ला आणि वालाकियात १८५६ ला संपली. म्हणजे आपल्याकडं १८५७ चा उठाव व्हायच्या फक्त एक-दोन वर्षं आधीपर्यंत तिकडं माणसं विकली जात होती. पिक्चरमध्ये जत्रेत एक लहान पोट्टा विकतात. तो पोट्टा स्वतःच गयावया करते, मला विका म्हणून, परत त्या वाड्यावर नेऊ नका म्हणून. तिथं मी पॉज करून बाहेर अंगणात जाऊन आलो.

आफेरिम म्हणजे शाबास. तुर्कांच्या राज्यामुळं तिकडं गेलेला फारसी शब्द, आपल्याकडं कव्वालीत 'आफरीन' म्हणतात ना, तोच. आणि शब्दांचंच निघालं म्हणून सांगतो, हे रोमा लोक मुळात आपल्याच भागातून, भारतातून, हजारेक वर्षांपूर्वी निघून गेलेले. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाख', कानाला 'कान', दाताला 'दांद', माणसाला 'मनुश'. आमची माय पानीच म्हणते, पाणी नाही म्हणत.

आता आबाजीचं सांगतो. माझे आजोबा, आम्ही आबाजी म्हणायचो, गावचे पोलीस पाटील होते. चांगला माणूस होता हे मी नातू म्हणून नाही सांगून राहिलो, पंचक्रोशीत कोणालाही विचारा, कोणाच्या पोरीचं लग्न अडलं तर ज्वारीचं पोतं त्यांच्या घरून जायचं. पण गावात चोरी झाली की आबाजी पहिले बेड्यावर माणूस पाठवायचे. बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती, आमच्या गावापासून नाल्याच्या पल्याड, आताही आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन, कोणाच्या तरी विहिरीवरची मोटरची केबल गेली होती. सकाळी उठून पाहतो तर आमच्या ओट्याच्या खाली दहा-बारा माणसं लाइनीत उकिडवी बसलेली, आणि आबाजी ओट्यावर खाटेवर बसून वहीतून नावं वाचून राहिले. नाव घेतलं की तो उठायचा, हात जोडायचा आणि परत बसायचा. "रात्री कुठं होता रे?" एवढंच विचारायचे, आवाज नाही चढवायचे. मग आजीला हाक, "चहा ठेव वं यायच्यासाठी." चहा यायचा, पण वेगळ्या कपात. तीन कप होते कान तुटलेले, गोठ्याच्या कोनाड्यात उपडे ठेवलेले असायचे, ते तीनच कप धुऊन धुऊन बारा जणांत फिरायचे, आणि धुवायचं त्यांनीच. केबल कोणी नेली ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

कोस्तान्दिन अगदी असाच आहे. क्रूर नाही तो. मोठा बोलका माणूस, वाक्यावाक्याला म्हण फेकते, पोराला दुनियादारी शिकवते, पकडलेल्या कार्फिनशी गप्पा मारते, मी मालकाजवळ तुझ्यासाठी शब्द टाकीन असंही सांगते. आपण हसत राहतो त्याच्या बोलण्याला. रस्त्यात एक पाद्री भेटते, तो कोणत्या देशाचे लोक कसे, कोणती जात कशी, हे असं घडाघडा सांगते की आपल्या पारावर बसून कोणी सांगून राहिलं असं वाटावं, आणि तिथंही हसू येते. जुदेला लोक उपहास करणारा डायरेक्टर म्हणतात ते यामुळं. पण तो हसवते कशाला हे मला शेवटाला कळलं. जमीनदाराच्या अंगणात सगळ्यांसमोर कार्फिनची जी शिक्षा होते ती मी इथं लिहू शकत नाही, ते पाहणाऱ्या इओनित्साचा चेहरा पाहून पोटात कालवलं. कोस्तान्दिन मधे पडते, विनवते, खरंच विनवते. आणि मग पैसे घेते आणि बापलेक घोड्यावर बसून निघून जातात. मी तासभर या माणसाच्या म्हणींवर हसलो होतो, त्याच म्हणी आता घशात अडकल्या.

आपल्याकडं इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता, म्हणजे त्या जमातीत जन्मला की जन्मापासून गुन्हेगार, हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आमच्या ओट्यावरची ती सकाळ त्याच्या कितीतरी वर्षांनंतरची आहे. कायदा गेला होता, वही राहिली होती, आणि वही सरकारची नव्हती, दुकानातून आणलेली साधी दोनशे पानांची होती.

नंतर मी जुदेचे मिळतील तेवढे पिक्चर पाहिले. २०२१ ला ज्याच्यासाठी त्याला बर्लिनचा गोल्डन बेअर मिळाला तोही पाहिला, पण माझ्या मनात तो नाही बसला एवढा. बसला तो २०१८ चा, नावच लांबलचक आहे, इतिहासात आपण रानटी म्हणून गेलो तरी मला फरक पडत नाही, अशा अर्थाचं. हे वाक्य १९४१ ला रोमानियाच्या मंत्रिमंडळात मिहाई अँतोनेस्कु बोलला होता, ज्यूंबद्दल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमानियन सैन्यानं ओडेसा शहरात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, हजारो ज्यू मारले, फासावर दिले, गोळ्या घातल्या, गोदामात कोंडून जाळले. पिक्चरमध्ये आजच्या बुखारेस्टमधली एक बाई याच घटनेचा खेळ भर चौकात बसवून राहिली असते. एक अधिकारी येऊन तिला गोड बोलून समजावते, हेच कायले, जगात दुसरे नरसंहार कमी झाले का, लोकांना आपल्या सैन्याबद्दल चांगलं पाहायचं आहे. आमच्याकडं एकच वाक्य आहे याला, "जुने मुडदे कायले उकरून राहिला बापू?" ती बाई ऐकत नाही, खेळ करतेच. आणि लोक टाळ्या वाजवतात. ज्यूंना जाळायचा सीन येते तेव्हाही टाळ्या. मला वाटलं होतं सत्य समोर ठेवलं की माणसं गप्प होतील, आणि मी अजूनही तसंच मानतो, पण तो सीन पाहिल्यावर रात्रभर डोक्यात फिरत राहिला.

आणि एक, छोटासा, 'मेलेलं राष्ट्र', २०१७ चा. यात नट नाही, शूटिंग नाही. स्लोबोझिया नावाच्या छोट्या गावात कोस्तिका आक्सिन्ते म्हणून एक फोटोग्राफर होता, त्याच्या काचेच्या प्लेटांवरचे फोटो एकामागून एक येतात. शेतकरी, नवरानवरी, नव्या कपड्यातली लेकरं, गायीबरोबर उभा माणूस. सगळे मस्त, सणावाराचे. आणि मागून आवाज येते एमिल दोरियान या ज्यू डॉक्टरच्या डायरीचा, त्याच काळातली, त्याच्या लोकांचं काय चाललंय ते. फोटोत ते कुठंच दिसत नाही. एकही फोटो खोटा नाही, पण चौकटीच्या बाहेर काय होतं ते डायरी सांगून राहिली.

ते पाहून मी दुसऱ्या दिवशी आबाजीचा फोटो भिंतीवरून काढला. सगळ्यांच्या घरी असते तसाच, फेटा, कोट, हातात काठी, बाजूला नवी सायकल. काचेवरची धूळ पुसली तर सायकलच्या सीटवर एक हात दिसला. मनगटापासून बोटांपर्यंत फक्त हात, बाकीचा माणूस चौकटीच्या बाहेर. बोटं बारीक, पोरसवदा, मनगटाला काळा दोरा. चाळीस वर्षं तो फोटो आमच्या देवघराशेजारी आहे आणि मी तो हात पाहिलाच नव्हता.

मायला विचारलं. ती सरकी काढत बसली होती, वर न पाहताच म्हणाली, "बेड्यावरचा पोट्टा व्हता तो. स्टँड मोडलं व्हतं सायकलचं, म्हून धराले उभा केला. फोटोवाल्यानं बाजूले सरकवला."

"नाव काय होतं त्याचं?"

"वहीत असन," माय म्हणाली.

वही आबाजी गेले त्या वर्षी रद्दीत गेली. बेड्यावर एक म्हातारा आहे, पंच्याहत्तरच्या वर असेल, दिसते कमी त्याला. वेचणी आटोपली की फोटो घेऊन त्याच्याकडं जाणार आहे. तोच तो असेल असं काही नाही, पण हात कोणाचा ते त्याला ओळखू आलं तर पाहतो.