जिनिंगच्या टेबलावर पोहोचलेला युरोपचा कायदा

गेली सहा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब आणि कागदपत्रे सांभाळतो. आमच्या सभासदांचा कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि एका व्यापाऱ्यामार्फत त्या तमिळनाडूतील सूतगिरणीकडे रवाना होतात. पुढे सूत, कापड, शिवलेले कपडे आणि शेवटी युरोपातील दुकान. मागच्या दिवाळीनंतर, दुसरा वेचा जोरात असताना, याच साखळीतून उलट दिशेने आमच्याकडे एक कागद आला. बावन्न प्रश्न, प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने, खाली सही-शिक्क्याची जागा आणि परत पाठवायला चार दिवसांची मुदत. कारण म्हणून एवढेच लिहिले होते की युरोपच्या कायद्यानुसार ही माहिती आवश्यक आहे. कोणता कायदा, कोणते कलम, याचा उल्लेख नव्हता. म्हणून मी तो कायदा मिळवून वाचला.

हा युरोपीय संघाचा 2024 सालचा 1760 क्रमांकाचा निर्देश. मोठ्या कंपन्यांनी आपल्या मालाच्या साखळीत मानवी हक्कांची आणि पर्यावरणाची हानी होते का, हे स्वतः शोधावे, ती टाळावी आणि झालीच तर भरून द्यावी, असे बंधन तो घालतो. यालाच तिकडे ड्यू डिलिजन्स म्हणतात. 2013 साली बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक कपडे शिवणारी होती, आणि तेव्हापासून या मागणीला जोर आला. फ्रान्सने 2017 मध्ये असा कायदा केला, जर्मनीचा 2023 पासून लागू झाला. संघाचा निर्देश 25 जुलै 2024 रोजी अमलात आला खरा, पण कंपन्यांवर तो लागू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि त्याची व्याप्तीही घटली. मूळ निर्देशात हजाराहून अधिक कर्मचारी आणि 45 कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या युरोपीय कंपन्या येत होत्या. डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय संसद आणि सदस्य देश यांच्यात झालेल्या समझोत्यात ही मर्यादा पाच हजार कर्मचारी आणि दीड अब्ज युरो अशी झाली आणि लागू होण्याचे वर्ष 2029 वर गेले.

म्हणजे हा कायदा आमच्यावर नाही, आमच्या व्यापाऱ्यावरही नाही. त्याच समझोत्यात असेही ठरले की पाच हजारांपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या पुरवठादाराकडे माहिती मागायची ती दुसऱ्या मार्गाने मिळणे शक्य नसेल तेव्हाच. शिवाय मूळ निर्देशात कंपनीने आपल्या खरेदीच्या पद्धती तपासाव्यात, गरज पडेल तिथे लहान पुरवठादाराला आर्थिक मदतही द्यावी, आणि संबंध तोडणे हा अगदी शेवटचा उपाय मानावा, असे स्पष्ट म्हटले आहे. हे वाचल्यावर बावन्न प्रश्नांच्या कागदाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ज्याने तपासायचे त्याने तपासण्याचे काम आमच्यावर सोपवले होते, आणि त्या तपासणीचा खर्च कोण उचलणार याबद्दल एक अक्षरही नव्हते.

प्रश्न क्रमांक एकतीस असा होता: फवारणी करणाऱ्या सर्व मजुरांना संरक्षक किट दिलेले आहे का? आदल्या वर्षीच्या अशाच कागदावर मी ‘होय’वर खूण केली होती, कारण आम्ही किट वाटली होती आणि पावत्या फाइलमध्ये होत्या. यंदा सही करण्याआधी मी एका सभासदाच्या शेतावर गेलो. पऱ्हाटी छातीपर्यंत आलेली, दुपारचे अकरा वाजलेले, पाठीवर पंप. मजुराच्या तोंडाला मास्क होता, पण हातमोजे बांधावर डब्याजवळ पडलेले होते. विचारल्यावर तो म्हणाला, “भाऊ, नोझलमधी कचरा अडकला का मोजे घालून निघत नाई, काढाच लागते.” त्याने उघड्या बोटांनी नोझल खोलला, आतली जाळी फुंकून साफ केली आणि ओले हात पँटीला पुसले. याच जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ते हॉस्पिटलचे दिवस आमच्या भागात कोणीही विसरलेले नाही. माझ्या ‘होय’चा अर्थ त्या बांधावर काहीच उरला नव्हता, आणि ते मला फार लागले.

त्यानंतर आजूबाजूच्या चार-पाच उत्पादक कंपन्या आणि दोन जिनिंगवाले एकत्र बसलो. प्रत्येकाकडे थोडे वेगळे असे कागद येत होते, म्हणून फवारणी, वेचणीची मजुरी आणि पिण्याचे पाणी यांसाठी सगळ्यांची मिळून एकच नोंदवही आणि एकच तपासणी ठेवावी, असा विचार होता. विचार चांगला होता. पण अर्ध्या तासात बोलणे क्विंटलच्या भावावर आले, आणि कोणीतरी सुचवले की एवढे सगळे करायचे तर या हंगामात अमुक भावाखाली कोणीच रुई देऊ नये. तिथे मी थांबा म्हटले.

आमच्याकडे सीसीआय म्हटले की कापूस महामंडळच आठवते. दिल्लीत दुसरीही सीसीआय आहे, ती म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग. 2002 च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम सांगते की एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी विक्रीचा किंवा खरेदीचा भाव मिळून ठरवला, तर तो करार स्पर्धेला मारक आहे असेच गृहीत धरले जाते. युरोपच्या मूळ करारातील 101 वे कलमही खरेदी आणि विक्री दोन्ही भावांचे नाव घेते, आणि दंड कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

पर्यावरणाच्या नावाने जमलेल्या बैठका कशा घसरतात, याची तिथली दोन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात. एप्रिल 2011 मध्ये युरोपीय आयोगाने प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि युनिलिव्हर यांना एकूण 31.52 कोटी युरोंचा दंड ठोठावला. माहिती देणाऱ्या हेन्केलला माफी मिळाली. धुण्याची पावडर पर्यावरणाला कमी घातक करण्याच्या, या धंद्यातील कंपन्यांच्या संघटनेच्या उपक्रमापासून सुरुवात झाली होती आणि गाडी भावापर्यंत पोहोचली. जुलै 2021 मध्ये फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला 87.5 कोटी युरोंचा दंड झाला. तिथे डिझेलचा धूर कायद्याच्या किमान अटीपेक्षा अधिक साफ करण्यात चढाओढ करायची नाही, असे कार कंपन्यांनी आपसात ठरवले होते.

उलट बाजूही आहे. जर्मनीतील किरकोळ विक्रेत्यांनी केळ्यांच्या बागांतील मजुरांना जगण्यापुरते वेतन मिळावे म्हणून सामाईक निकष ठरवले, तेव्हा 2022 मध्ये तिथल्या स्पर्धा कार्यालयाने हरकत घेतली नाही, कारण त्यात किमान भाव ठरवलेला नव्हता आणि खरेदीच्या भावांची देवाणघेवाणही नव्हती. युरोपीय आयोगाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर टिकाऊपणाच्या करारांसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. सामाईक निकष सर्वांना खुला असावा, बाहेर राहणाऱ्यावर लादू नये, ज्याला त्याहून कडक नियम पाळायचा आहे त्याला मोकळीक असावी आणि धंद्याची गुपिते एकमेकांना सांगू नयेत, अशा त्याच्या अटी आहेत. माझ्या मते यातली खरेदीच्या भावाची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. उद्या मोठे खरेदीदार एकत्र येऊन ‘टिकाऊ कापसा’वर क्विंटलमागे इतकेच जादा देऊ, असे आपसात ठरवू लागले, तर तीही भावाची जुळवणीच ठरेल, आणि तक्रार करण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे.

आमची पुढची बैठक झाली तेव्हा विषयपत्रिकेवर तीनच विषय घेतले, भावाचा शब्द निघाला नाही आणि इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या झाल्या. सामाईक नोंदवही ठरली. प्रत्येक पंपासोबत दोन जादा नोझल आणि एक छोटा ब्रश द्यायचा, म्हणजे मोजे काढावेच लागणार नाहीत, हेही ठरले. एकतिसाव्या प्रश्नापुढे मी या वेळी ‘नाही’वर खूण केली. नोझलच्या गोष्टीला त्या तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून ती खर्चाच्या आकड्यासह कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली, आणि निम्मा वाटा खरेदीदाराने उचलावा अशी लेखी मागणी खाली जोडली.