चाळणीच्या वर राहिलेली माती

आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या बहुतेक पिशव्यांचा निकाल मला पिशवी सोडतानाच कळतो. मंगळवेढ्याकडची असेल तर काळीभोर, ढेकूळ फोडायला हातोडी लागेल अशी. सांगोल्याकडची असेल तर मुरमाड. आणि दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले की फसफस ठरलेली. मुक्त चुना भरपूर, सामू (पीएच) आठच्या वर, सेंद्रिय कर्ब कमी. सोलापुरात माती तपासणाऱ्याच्या डोळ्यांना हेच चित्र बसलेलं असतं आणि इथे ते सहसा खोटं ठरत नाही.

या उन्हाळ्यात पंढरपूर तालुक्यातले एक डाळिंबवाले काका खताच्या गोणीत माती घेऊन आले. तेल्या रोगाने बाग गेलेली. त्यांच्या व्याह्यांची चंद्रपूर जिल्ह्यात मालकीची जमीन आहे, बरीचशी सागाच्या झाडीखाली. ती अर्ध्या वाट्याने करून डाळिंब लावायचा दोघांचा विचार.

"मॅडम, बगा की, कसं खडंच खडं हायती. आपल्या मुरमाडावानी. डाळिंबाला असलीच लागती की."

नमुना घेताना खडे वेचून टाकले नव्हते, याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. नव्वद टक्के लोक आम्हाला 'स्वच्छ' माती आणून देतात, घरी निवडून, पाहुण्यांसाठी तांदूळ निवडावेत तशी. मग आम्ही जो अहवाल देतो तो शेताचा नसतो, निवडण्याचा असतो.

आमचं रोजचं काम म्हणजे नमुना सावलीत वाळवायचा, लाकडी खलात लाकडी बत्त्याने फोडायचा आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचा. लोखंडी खल चालत नाही, कारण पुढे त्याच नमुन्यातलं लोह मोजायचं असतं. चाळणीच्या खाली पडते ती शास्त्राच्या दृष्टीने माती, वर राहतात ते खडे, आणि खडे जातात मागच्या बादलीत. आमच्या सहायकाने हेच केलं. पोरगा कृषी पदवीधर आहे, हात चलाख आहे, पण बादलीकडे बघायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही. कॉलेजांमधून आता यंत्राचं बटण शिकवतात, माती चोळायला शिकवत नाहीत.

दुपारी त्याने आकडे आणून दिले. सामू ६.८. मुक्त चुना नाही, आम्ल टाकून फस नाही की फूस नाही. सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या वर, आमच्याकडे हे दिसलं तर आम्ही उपकरण तपासतो. हायड्रोमीटरने चिकणमाती ५८ टक्के. रंग तांबूस तपकिरी. आणि खाली त्याची स्वतःची शिफारस: 'जंगलातली लाल जमीन, चुना नाही, हेक्टरी चुना द्यावा.' म्हणजे त्याच्या डोक्यात कोकणची जांभा माती होती. लाल आणि न फसफसणारी म्हणजे आम्लधर्मी, असं सरळ गणित. सामू ६.८ असताना चुना कशाला, हे विचारल्यावर गप्प बसला.

मला खटकत होते ते ५८ टक्के. गोणीत एवढे खडे आणि चाळणीखाली इतकी बारीक माती? आपल्या मुरमाड जमिनीत असं नसतं. बेसाल्ट झिजताना पायऱ्या दिसतात: दगड, मग कुजका दगड, मग मुरूम, मग भरड माती. खडे जास्त तर माती हलकी, हे सोलापूरचं पोरही सांगेल. इथे मधल्या पायऱ्याच नव्हत्या. एकीकडे दगड, दुसरीकडे बोटांना मेणासारखी चिकटणारी माती. ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत फीत काढली, तर ती न तुटता लांबत गेली.

बादली मागवली. सुदैवाने कचरेवाला यायचा होता.

खडे धुतले आणि वजन केलं. दोन किलोंच्या नमुन्यात सव्वा किलो खडे. दोन जातींचे. एक पांढरट, कडक, काचेवर ओरखडा काढणारे, म्हणजे गारेचे (क्वार्ट्झचे). दुसरे राखाडी, बोथट कडांचे, चाकूने ओरखडा उठणारे. त्या राखाडी खड्यावर आम्ल टाकलं, तर जवळजवळ काहीच नाही. चुनखडक असता तर उसळला असता. मग तोच खडा लोखंडी खलबत्त्यात (इथे चालतो, लोह मोजायचं नव्हतं) बारीक कुटला आणि भुकटीवर आम्ल टाकलं. सावकाश, बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. आम्ल कोमट करून टाकलं तेव्हा फेस आला. डोलोमाइट असाच वागतो. अख्ख्या तुकड्यावर थंड आम्लाला दाद देत नाही, भुकटी केली की देतो.

खात्रीसाठी भुकटी आम्लात विरघळवून ईडीटीए या रसायनाने अनुमापन केलं, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून मोजलं. हे काम मी अजूनही स्वतः करते. सामू १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक घातला की द्रावण वाइनसारखं लाल, आणि थेंबाथेंबाने निळ्यावर येतं. जांभळी झाक पूर्ण गेल्याशिवाय थांबायचं नाही, इथेच नवशिके घाई करतात. ही कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज. मग सामू १२ ला म्युरेक्साइड हा दुसरा दर्शक वापरून एकटं कॅल्शियम, आणि वजाबाकीने मॅग्नेशियम. दोन्हींच्या अणूंची संख्या जवळपास सारखी आली. डोलोमाइटचं सूत्रच तसं आहे: एका कॅल्शियमला एक मॅग्नेशियम, दोन कार्बोनेट. कोकणात आम्लधर्मी जमिनीला टाकायला जी डोलोमाइटची पोती विकत घेतात, तोच दगड इथे शेताच्या बुडाशी होता. आणि आमच्या अहवालात शिफारस काय, तर वरून चुना टाका!

दगड कार्बोनेटचा, मग माती का फसफसली नाही? कारण ती माती म्हणजे दगडाचा चुरा नव्हे, दगड विरघळून गेल्यावर मागे राहिलेला गाळ आहे. पाऊस आणि कुजणारा पाला यांचं सौम्य आम्ल कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून नेतं. उरतं ते दगडात अडकलेलं न विरघळणारं थोडंसं: चिकणमाती, लोहाची ऑक्साइडं, गारा. हा उरलेला भाग शेकडा पाच धरला तर हातभर मातीसाठी दहाएक हात खडक विरघळावा लागतो. म्हणून माती इतकी बारीक, म्हणून लालसर, म्हणून तिच्यात गारेचे खडे. आणि म्हणूनच खाली मुरूम नाही. माती संपते तिथे थेट कठीण खडक, तोही सपाट नव्हे, उंचसखल. दगड भेगांमधून जास्त विरघळतो, त्यामुळे एका जागी वीतभर माती, दोन पावलांवर पुरुषभर.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या ओझार्क डोंगरांत अशा जमिनींची मोजदाद फार तपशिलात झालेली आहे. तिथे चिकणमाती ३५ टक्के किंवा जास्त आणि आकारमानाने खडे ३५ टक्के किंवा जास्त असतील तर त्या मातीला वर्गीकरणात वेगळं नाव आहे. माती खोल असेल तिथे ओक-हिकरीचं जंगल, खडक वर आला की झाडं विरळ होऊन गवत आणि लाल सीडर. वरची झाडी बघून खालच्या खडकाचा अंदाज येतो.

सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चाललंय आणि त्याचा पाया जमिनीची खोली आहे: किती खोल माती, किती ओल, कोणतं पीक. तरी आमच्या छापील अहवालात खोलीचा रकाना नाही, खड्यांचाही नाही. सरकारी जमीन आरोग्य पत्रिकेतल्या बारा घटकांतही नाही. आम्ही चाळणीखालच्या मातीवरून हेक्टरचा हिशेब करतो. वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये सुमारे २२ लाख किलो माती धरतो आणि खत लिहून देतो. इथे खडे आकारमानाने चाळीस टक्क्यांच्या वर. खरी माती त्या आकड्याच्या निम्मी. पाण्याचंही तेच. दोन फूट खोली धरली तर झाडाला ओढता येईल असं पाणी माझ्या हिशेबाने पन्नास-साठ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. शिवाय मॅग्नेशियम जास्त, त्यामुळे पालाश (पोटॅश) उचलायला अडचण, आणि डाळिंबाला पालाश हवाच.

संध्याकाळी काका आले. त्यांना मी सरळ सांगितलं, "काका, खडे आहेत म्हणून हा मुरूम नाही. मुरमातनं पाणी खाली जातं, मुळी आत शिरते. इथे खड्यांच्या मधे चिकण माती भरलीय आणि खाली पाटा. तिकडचा पाऊस आपल्या जवळपास दुप्पट. पावसाळ्यात मुळाशी पाणी थांबेल आणि एप्रिलात झाड सुकेल."

"मग साग कसा आला वो तिथं एवढा?"

प्रश्न रास्त होता. सागाला कॅल्शियम मानवतं आणि त्याची मुळं भेगा शोधत खाली जातात, त्यासाठी त्याला वर्षं मिळाली. ठिबकवरचं डाळिंब तिसऱ्या वर्षी फळ मागतं. हे मी सांगितलं, पण त्यांना पटलं असं वाटलं नाही. मी विचारलं, सगळा साग सारखाच उंच आहे का? म्हणाले, नाही, मधे मधे खुरटा आहे, काही ठिकाणी नुसतं गवत.

अहवालातून चुना काढला. खडे, दगड आणि खोली यांबद्दल मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलं, कारण आमच्या संगणकात लिहायला जागा नाही. छापील अहवालात हा रकाना घालावा असं मी चालकांना परत एकदा म्हटलं. "गिऱ्हाईक खड्याचे पैसे देणार आहे का?" हे त्यांचं उत्तर. नंतर कळलं, काकांनी फक्त पुढच्या बाजूचा फोटो काढून व्याह्यांना पाठवला होता. पुढच्या बाजूला लिहिलेलं: चिकण माती, सामू उदासीन, सेंद्रिय कर्ब भरपूर. वाचून व्याही खूश.

मी फोन करून मागची बाजूही पाठवायला लावली. तिकडे जेसीबी एका दिवसासाठी आला होता. उंच सागाजवळ खड्डा घेतला तर माती डोक्याइतकी खोल. खुरट्या झाडांजवळ गुडघ्याएवढ्यावर दात खडकावर आपटले.

"आता ह्यातलं खरं कुठलं धरायचं, मॅडम?"

दोन्ही, असं मी म्हटलं. मग त्यांनी विचारलं की उंच सागाचे तेवढेच तुकडे निवडून लावली तर? याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. जिथे माती खोल तिथलाच साग चांगला, म्हणजे तोडावा लागेल तो नेमका तोच. दिवाळीनंतर ते दोन्ही खड्ड्यांमधून थराथराचे नमुने आणणार आहेत. पिशव्या मीच दिल्यात. प्रत्येकीवर मार्करने लिहिलंय: खडे वेचू नयेत.