सहावा बोया गेटवरच ठरतो: स्लॅलम शिबिराचा वृत्तांत

वॉटर स्कीइंगमधलं स्लॅलम म्हणजे बोटीमागे दोरीचं हँडल धरून एका स्कीवर सहा बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) एकाआड एक बाजूने वळसे घालत जाणं. फक्त या स्लॅलमसाठी खोदलेल्या तलावावर जाऊन नीट शिकून घ्यायचं खूप दिवस मनात होतं, ते या वेळी जमलं. तिथे काय शिकलो, स्कीवर काय बदललं आणि पुढे जाणाऱ्यांनी काय ठरवून जावं, ते सविस्तर लिहितो. तुलना करता यावी म्हणून आधी माझी पातळी: ताशी ४९ किमी वेग, १८.२५ मीटर दोरी. दिवस चांगला असेल तर सहाही बोये, नाहीतर चौथ्या-पाचव्याला दोरी ढिली पडून संपलं. याच टप्प्यावर अडकलेले बरेच जण असतात, त्यांना यातलं सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

असा तलाव लांबट आणि अरुंद असतो. दोन्ही टोकांना छोटी बेटं असतात आणि बोट त्यांना वळसा घालून परत येते, त्यामुळे तिच्याच लाटा कोर्समध्ये येत नाहीत. काठ उतरते ठेवलेले असतात, लाट त्यांच्यावर विरून जाते, आपटून मागे येत नाही. दुसऱ्या बोटी नाहीत, जेट स्की नाहीत. सपाट पाण्याचा खरा फायदा असा की चूक झाली तर ती आपलीच असते. पाण्याला बोल लावता येत नाही, म्हणून सुधारणाही लवकर होते.

नवख्यांसाठी कोर्सची मापं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. गेट म्हणजे दोन बोयांमधली वाट, तिच्यातून कोर्समध्ये शिरायचं आणि बाहेर पडायचं. प्रवेशाच्या गेटपासून बाहेर पडण्याच्या गेटपर्यंत २५९ मीटर. गेटपासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढचे बोये एकमेकांपासून ४१ मीटरवर, आणि शेवटच्या बोयापासून बाहेरचं गेट पुन्हा २७ मीटर. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाहेर. ताशी ४९ किमीला एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत साधारण तीन सेकंद मिळतात, ५५ किमीला पावणेतीनपेक्षाही कमी. तेवढ्यात एका बाजूने दुसऱ्या बाजूला २३ मीटर आडवं जायचं, वेग कमी करायचा आणि वळायचं. पण गेट ते पहिला बोया हे अंतर फक्त २७ मीटर आहे, म्हणजे ४९ किमीला दोन सेकंद. तिथे जरा उशीर झाला, तर तो उशीर पुढे प्रत्येक बोयाला वाढतच जातो. चौथ्याला ढिली पडलेली दोरी बहुतेक वेळा गेटवरच ढिली व्हायला लागलेली असते.

म्हणूनच कोचनी पहिले सगळे सेट, म्हणजे बोटीमागच्या फेऱ्या, फक्त गेटसाठी ठेवले. बोये घ्यायचेच नाहीत. डावीकडे बाहेर निघायचं, वर (म्हणजे बोटीच्या बाजूने पुढे) सरकायचं, वळायचं, गेटमधून जायचं, पहिल्या बोयाच्या बाहेरून सावकाश फिरायचं आणि तिथेच थांबायचं. कंटाळवाणं वाटेल, पण करा.

यात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, बाहेर निघताना पुरेसं लांब जाणं. आपण बोटीच्या जितके बाजूला आणि पुढे सरकतो, तितका नंतर आत वळताना चांगला कोन मिळतो. थोडंसंच बाहेर निघालं की गेटमध्ये ओढ जास्त आणि कोन कमी, मग आडवं न जाता पहिल्या बोयाकडे सरळ कोर्सच्या लांबीच्या दिशेने धावत सुटतो आपण. दुसरी, वर गेल्यावर घाई न करता सरकत राहणं. तिथे स्की सपाट, दोरी ताणलेली पण ओढ नाही, वजन पुढच्या पायावर. तिसरी, बाहेर निघण्याची खूण. गेटच्या ५५ मीटर आधी बोटीसाठी बोये असतात. बोट तिथे पोचली की बाहेर निघायचं, ही खूण मला माझ्या वेगाला आणि दोरीला जुळली. तुमची थोडी वेगळी असेल, पण खूण पक्की हवी. डोळ्यांनी पाहिलेली एखादी ठरलेली जागा हवी, अंदाजपंचे नको. पुढच्या पातळीसाठी दोरी आखूड केली की खूण पुन्हा शोधावी लागते.

गेट एका हाताने घ्यायचं की दोन्ही हातांनी, यावर दोन मतं आहेत. मोठमोठे खेळाडूही दोन्ही पद्धती वापरतात. माझं मत स्पष्ट आहे: १८.२५ मीटरला असाल तर दोन्ही हात हँडलवरच ठेवा. एक हात सोडला की खांदे फिरतात, आणि वळून परत पकडेपर्यंत बोटीने तुम्हाला कंबरेतून वाकवलेलं असतं.

शरीर कसं असावं ते आधी जमिनीवर दाखवलं. खांबाला दोरीचा एक तुकडा बांधला, स्कीसारखे पाय एकामागे एक ठेवून उभं राहायला सांगितलं आणि कोचनी मागे झुकायला लावलं. हात सरळ, हँडल जांघेच्या वर कंबरेजवळ, छाती वर, गुडघे थोडे वाकलेले. मग त्यांनी माझ्या खांद्यांवर दाब दिला. घोटा, कंबर आणि खांदा एका रेषेत होते तेव्हा मी हललो नाही. कंबर जरा मागे सोडली की त्याच दाबाने पुढे कोसळायला झालं. बोटीची ओढही असंच करते, फक्त कितीतरी जास्त जोराने. हँडल छातीजवळ ओढून कोपर वाकवणं ही अगदी सवयीची गोष्ट, पण त्याने ओढ हातात येते आणि स्कीची कड पाण्यातून सुटते. ओढ हातांतून कंबरेत, कंबरेतून पायांत आणि पायांतून स्कीत गेली पाहिजे.

यानंतरची सगळ्यात मोठी सुधारणा झाली ती दुसरी लाट ओलांडतानाची. बोटीच्या मागे दोन लाटा असतात. पहिल्या लाटेपर्यंत आणि दोन्ही लाटांच्या मधोमध ओढ सगळ्यात जास्त असायला हवी. त्यानंतर कमी करायची. दुसऱ्या लाटेच्या बाहेरही ओढत राहिलं की बोयापाशी आपण बोटीपेक्षा फार वेगात पोचतो, रुंदी मिळत नाही आणि वळल्यावर दोरी ढिली. ओढ सोडायची म्हणजे हँडल सोडून द्यायचं, असं मात्र नाही. कड बदलेपर्यंत हँडल दोन्ही हातांत आणि शरीराजवळच. मग बोटीच्या दिशेने हात हळूहळू लांबवत जायचं. हात लवकर सोडला की स्की आत ओढली जाते, रुंदी जाते. हे सांगताना सोपं वाटतं, पाण्यात अवघड जातं, कारण वेगाने बाहेर फेकले जात असताना अंग दोन्ही हात आवळून ओढायलाच पाहतं. एक गोष्ट उपयोगी पडली: नजर बोयावर न ठेवता त्याच्या पलीकडे तलावाच्या काठावर ठेवणं. बोया पाहिला की आपण त्याच्याकडेच जातो.

प्रत्येकाची एक चांगली बाजू आणि एक अवघड बाजू असते. कोणता पाय पुढे, त्यावर ते ठरतं. अवघड बाजूच्या वळणात स्की वळायला वेळ घेते, तेव्हा हात आखडून खांदा खाली टाकायचा मोह होतो. तो आवरायचा. दोन्ही खांदे समपातळीत ठेवून स्की वळण पूर्ण करेपर्यंत थांबायचं, मगच हँडलकडे यायचं. अवघड बाजूसाठी कोर्सच्या बाहेर मोकळ्या पाण्यावर सराव करणं जास्त फायद्याचं. बोया दिसला की माणूस जुन्याच सवयीवर जातो.

आता बोटीबद्दल. स्लॅलमसाठी खास बनवलेल्या बोटी, म्हणजे स्की नॉटिक, मास्टरक्राफ्ट प्रोस्टार, मालिबू रिस्पॉन्स, यांचं इंजिन मधोमध असतं आणि दोरी बांधायचा खांबही बोटीच्या मध्याजवळ. म्हणून तुम्ही आडवं ओढलं तरी बोट फारशी सरकत नाही, आणि मागची लाट बसकी असते. वेकबोर्डच्या बोटी मोठी लाट करण्यासाठीच बनवलेल्या असतात, इंजिन मागे आणि बऱ्याचदा पाण्याच्या टाक्याही. त्यांच्यामागे स्लॅलम करता येतं, पण गंभीर सुधारणेसाठी ती बोट नव्हे. आउटबोर्ड बोटीत (जिचं इंजिन मागे बाहेर टांगलेलं असतं) दोरी मागच्या टोकाला बांधली असेल तर स्कीअर बाजूला ओढतो तशी बोटीची मागची बाजू खेचली जाते आणि कोर्समध्ये सरळ चालवणं अवघड होतं.

वेग कमी असेल तेव्हा लाट मोठी लागते, हे लक्षात ठेवा. नवख्याला ४० किमीला लाट खटकते, ती त्याच्या कौशल्यामुळे नव्हे, पाण्यामुळे. म्हणून संपूर्ण २३ मीटर दोरीवर अडून न राहता लवकर १८.२५ वर यावं, लाट तिथे बरीच सोपी असते. उलट १६ मीटरला अनेक बोटींच्या मागे एक उंचवटा जाणवतो, तो आला म्हणून घाबरू नका, गुडघे मऊ ठेवा. बोटीत दोनजण एकाच बाजूला बसले तरी लाट एका बाजूला उंच होते. कोचनी प्रत्येक सेटआधी बसायच्या जागा ठरवून दिल्या होत्या.

वेगनियंत्रक हा या खेळातला मोठा बदल. हल्ली स्पर्धेच्या बोटींवर झीरो ऑफ हे जीपीएसवर चालणारं नियंत्रण असतं. त्याच्या मांडणीत ए, बी, सी ही अक्षरं आणि १, २, ३ हे आकडे असतात: अक्षरावरून इंजिन कधी प्रतिसाद देणार ते ठरतं, आकड्यावरून किती जोराने. बी-२ पासून सुरुवात करा आणि आठवडाभर तेच ठेवा. शंका वाटली तर वेळ बघा: ५५ किमीला गेट ते गेट १६.९५ सेकंद, ५८ किमीला १६.०८, ४९ किमीला सुमारे १९.०.

स्की आणि फिन (स्कीखाली मागच्या बाजूला बसवलेली उभी पट्टी). इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि सगळ्यात कमी मिळवतात, असं मला ठामपणे वाटतं. आधी स्की तुमच्या वजनाला आणि वेगाला बरोबर आहे ना ते बघा. ताशी ५० किमीच्या खाली असाल तर थोडी रुंद स्की खरोखर मदत करते. ती पाण्यावर वर तरंगते, लाट ओलांडताना ओढ कमी लागते. ५५ किमीसाठी बनवलेली अरुंद स्की कमी वेगात बुडते, आणि ती आपल्या तंत्राची चूक वाटत राहते.

बुटांची जागा हा पुढचा बदल. बहुतेक स्कींवर भोकं पाव इंचाच्या अंतराने असतात. पुढे सरकवलं की स्कीचं पुढचं टोक पाण्यात जास्त बसतं, वळण तीक्ष्ण होतं. जास्त झालं की टोक पाण्यात अडकून तुम्हाला पुढे फेकतं. मागे सरकवलं की पुढचं टोक वर राहतं, वळण लांबतं. माझा बूट एक भोक पुढे घेतला, कारण अवघड बाजूला स्की मागच्या टोकावर सरपटत होती. फरक त्याच सेटमध्ये जाणवला.

फिनचे चार आकडे असतात: लांबी, खोली, मागच्या टोकापासूनचं अंतर आणि विंगचा (फिनवरच्या छोट्या आडव्या पंखाचा) कोन. बऱ्याच स्कींवर लांबी सुमारे ६.८ ते ६.९ इंच, खोली अडीच इंचाच्या आसपास, मागचं अंतर पाऊण इंचाच्या आसपास, विंग सात ते नऊ अंश. बदल इंचाच्या पाच-दहा हजारांशांत मोजले जातात, म्हणून बारीक माप घेणारा कॅलिपर लागतोच. एक बारकावा जपा: लांबी कॅलिपरच्या जबड्याने मोजली की टोकांनी, यावर आकडा बदलतो. दुसऱ्याचे आकडे घेताना त्याने कसं मोजलं ते विचारा, नाहीतर तुमची फिन भलत्याच जागी जाईल. खोली वाढवली की मागचं टोक पाण्यात घट्ट धरतं, कमी केली की सहज घसरतं. विंगचा कोन वाढवला की बोयाकडे जाताना स्की जास्त मंदावते. फिनचा स्क्रू सैल करण्याआधी मूळ आकडे लिहून ठेवा, पाण्याचं तापमानही लिहा, कारण थंड पाण्यात तीच स्की वेगळी लागते. आणि एका वेळी एकच आकडा बदला.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. आरक्षण करताना कोणती बोट आहे आणि कोर्सशेजारी मिनी कोर्स आहे का, हे विचारा. पूर्ण कोर्स जमत नसेल तर आतल्या बाजूला बसवलेले बोये घेऊन लय पक्की होते. स्वतःचं हँडल न्या, पकडीची जाडी हाताच्या आकाराला जुळली पाहिजे. हातमोजे दोन जोड्या. दोरीवरचे रंग पाठ करून जा: लाल १८.२५, नारिंगी १६, पिवळा १४.२५, हिरवा १३, निळा १२, जांभळा ११.२५. जांभळ्यापाशी पोचलं की दोरी बोयाच्या ११.५ मीटरपेक्षा आखूड झालेली असते, तिथून पुढे अंग लांबवूनच बोया मिळतो. २०१३ मध्ये अमेरिकी स्कीअर नेट स्मिथने ९.७५ मीटरला अडीच बोये घेतले होते, म्हणजे दोरी अजून किती आखूड होते ते समजेल.

दिवसाला दोन सेट पुरे. तिसऱ्याला हाताची पकड जाते आणि थकलेल्या अंगाला वाईट सवय लवकर लागते. आपली पाळी नसेल तेव्हा बोटीत मागे तोंड करून बसा, दुसऱ्याच्या हँडलकडे बघा. पडल्यावर हात लगेच वर करा, म्हणजे चालकाला तुम्ही ठीक आहात हे कळतं. हँडलमधून हात किंवा पाय कधीच घालू नका.

परत आल्यावर नेहमीच्या बोटीमागे पहिले काही सेट ४९ ऐवजी ४६ किमीला घ्या. नवी लाट, नवा चालक आणि शिकलेलं तंत्र एकदम जुळायला वेळ लागतो. गेट तीन-चार वेळा सलग बरोबर आलं की मग एक पायरी वर जा.