सदतिसाव्या वर्षी स्ट्रोक: कारण सापडेपर्यंतचा माझा अनुभव

माझ्या पहिल्या डिस्चार्ज कार्डवर लिहिलं होतं: मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, कारण अज्ञात. वय ३७. बीपी नाही, शुगर नाही, कोलेस्टेरॉल ठीक, तंबाखू-मिश्रीला कधी हात लावलेला नाही. डॉक्टरांनी कारण लिहिलं नाही म्हटल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते आपापल्या परीनं ठरवलं. कुणी म्हणालं बँकेतलं टेन्शन, कुणी म्हणालं उपवास जास्त होतात, कुणी नजर काढायला सांगितली. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. कशानं आला हेच माहीत नसेल, तर पुन्हा येऊ नये म्हणून करायचं काय?

झालं ते असं. आम्ही तासगावचे. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं धुणं निघतं तसं निघालं होतं. दोन दिवसांपूर्वीच तिरुपतीहून बसनं आलो होतो, पाय आखडले होते, डावी पोटरी दुखत होती. प्रवासाचं म्हणून सोडून दिलं. गच्चीवर मी एकटीच ओली गोधडी पिळत होते. जोर लावून पिळली, उचलून दोरीवर टाकायला गेले आणि उजव्या हातातून ती घसरली. पुन्हा धरायला गेले तर बोटं मिटेनात. मुलीला हाक मारायची होती. तिचं नाव मला ठाऊक होतं, पण तोंडातून भलतंच काहीतरी निघत होतं आणि ते भलतं आहे हे मला कळत होतं. ती वर आली, माझं वाकडं झालेलं तोंड बघितलं आणि ओरडत खाली पळाली.

शेजारच्या एका आजोबांनी लकव्यावर झाडपाला देणाऱ्या गावाचं नाव सुचवलं, तिकडं न्या म्हणाले. माझ्या दिरानं ऐकून घेतलं, गाडी काढली आणि थेट मिरज गाठली. त्या एका निर्णयाचे उपकार मी कधी विसरणार नाही. स्ट्रोक दोन तऱ्हेचा असतो, रक्तवाहिनी फुटून किंवा गाठीनं तुंबून. तुंबलेली असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिलं तर जिवावर बेततं. म्हणून आधी सीटी स्कॅन. माझ्यात रक्तस्राव नव्हता, वेळ हातात होता, इंजेक्शन मिळालं. संध्याकाळपर्यंत बोटं हलायला लागली. शब्द यायला जास्त दिवस लागले.

तिथल्या उपचारांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी मला वाचवलं. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर केला, छातीवरून होणारी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, हृदयाची लय नोंदवणारा २४ तासांचा होल्टर लावला. सगळं नॉर्मल. पण तिथंच शोध थांबला आणि मला ॲस्पिरिन आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर घरी पाठवलं. तरुण माणसाच्या स्ट्रोकमध्ये हे पुरेसं नाही, हे आज मी ठामपणे सांगते. साठीनंतरच्या स्ट्रोकची कारणं बहुधा ओळखीची असतात: बीपी, शुगर, कडक झालेल्या रक्तवाहिन्या, हृदयाची बिघडलेली लय. पन्नाशीच्या आत कारणांची यादीच वेगळी असते आणि ती मुद्दाम शोधावी लागते.

नणंद पुण्यात राहते. तिनं तिथल्या एका न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली. त्यांनी एमआरआयचा रिपोर्ट बाजूला ठेवून सीडी मागितली आणि फिल्म स्वतः बघितली. मग प्रश्न सुरू झाले. असे प्रश्न मला तोवर कुणी विचारले नव्हते.

“ताई, मान कुणी मोडून दिली होती का? पार्लरमध्ये, मालिशवाल्यानं?” मानेला झटका बसून रक्तवाहिनीचा आतला थर फाटू शकतो, तिथं गाठ धरते आणि ती मेंदूत जाते. “कधी गर्भ पडला आहे का?” वारंवार गर्भपात आणि रक्तात गुठळ्या, या दोन्हींच्या मागं अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम असू शकतो. “लहानपणी सांधे सुजून ताप यायचा?” हा संधिवाताच्या तापाचा प्रश्न. त्यानं हृदयाची झडप अरुंद होते, आणि आपल्याकडे तरुणांच्या स्ट्रोकमागं हे कारण अजून बरंच दिसतं. मग दोन्ही हातांची नाडी एकदम धरून बघितली, दोन्ही हातांचं बीपी घेतलं. ताकायासू नावाच्या आजारात मोठ्या रक्तवाहिन्या सुजतात आणि एका हाताची नाडी मंद लागते, तरुण बायकांत तो जास्त. रक्तातलं बी-१२ आणि होमोसिस्टिन (हे वाढलं तर गुठळ्या होऊ शकतात) तपासायला सांगितलं.

आणि एक प्रश्न बायकांनी नीट वाचावा: “पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या?” मी घेतल्या नव्हत्या. पण मिरजेला माझ्या शेजारच्या कॉटवर जी मुलगी होती, तिनं घरातल्या पूजेसाठी त्या गोळ्या दुकानातून आणून घेतल्या होत्या. चार दिवस डोकं फुटेस्तोवर दुखत होतं, पित्त म्हणून अंगावर काढलं, शेवटी फिट आली. तिच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली होती. तिचा उपचार वेगळा, रक्त पातळ करणारी औषधं कित्येक महिने. सणावाराला या गोळ्या मैत्रिणी-मैत्रिणींत वाटल्या जातात याची मला आता भीती वाटते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

शेवटी त्यांनी विचारलं, “नेमकं त्या क्षणी काय करत होतात?” मी गोधडी सांगितली. बसचा प्रवास सांगितला, पोटरीचं दुखणं सांगितलं. त्यांनी लगेच लिहिलं: बबल टेस्ट. त्यांचा संशय हृदयातल्या पडद्यावर होता.

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं काम करत नसतात, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक वाट असते. रक्त तिथून उजवीकडून डावीकडे जातं. जन्मानंतर ती मिटते आणि बहुतेकांची कायमची चिकटून जाते. साधारण चौघांत एकाची मात्र पूर्ण चिकटत नाही. याला पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हेल) म्हणतात. एरवी पडदा मिटलेलाच असतो, पण खोकताना, कुंथताना, जड उचलताना उजवीकडचा दाब वाढतो आणि तो क्षणभर उघडतो. नेमकी तेव्हाच पायातून निघालेली बारीकशी गुठळी तिथं पोचली, तर ती फुप्फुसात गाळली न जाता डावीकडे शिरते आणि थेट मेंदूकडे जाते. कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानं १८७७ मध्येच एका तरुणीच्या शवविच्छेदनावरून हा मार्ग मांडला होता.

बबल टेस्ट अगदी साधी. हातात सुई. सलाइन, किंचित हवा आणि माझंच थोडं रक्त दोन सिरिंजांमधून इकडून तिकडं जोरात घुसळलं, की त्यात बारीक बुडबुडे होतात. ते शिरेत सोडायचे आणि एकोच्या पडद्यावर बघायचं. “श्वास धरा, पोटावर जोर द्या… सोडा!” सोडल्याबरोबर, तीन ठोक्यांच्या आत, हृदयाच्या डाव्या बाजूला पांढरे ठिपके दिसायला लागले. मी मान वळवून बघत होते. इतके दिवस ज्याला कुणी नाव देत नव्हतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

पुढं टीईई, म्हणजे घशातून नळी घालून केलेली एको. सहा तास उपाशी, घशात कडू स्प्रे, दातांत प्लास्टिकची कडी. उमासे येतात, पण होतं. त्यात दिसलं की माझा पडदा नुसता उघडाच नाही, तर प्रत्येक ठोक्याला वाऱ्यावरच्या फडक्यासारखा इकडून तिकडं हलतो. असा पडदा जास्त धोक्याचा मानतात.

मला वाटलं, छिद्र सापडलं, आता बुजवायचं. डॉक्टरांनी थांबवलं. चौघांत एकाला पीएफओ असतोच, मग तुमच्या स्ट्रोकला तोच कारणीभूत हे कशावरून? यासाठी रोप नावाचा गुणांक असतो, शून्य ते दहा. वय कमी असेल तितके गुण जास्त. बीपी, शुगर, धूम्रपान, आधीचा स्ट्रोक यांपैकी जे नसेल त्याचा एकेक गुण, आणि मेंदूच्या वरच्या थरात इजा असेल तर आणखी एक. माझे आले ९. इतके गुण असतील तर दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्णांत दोष पीएफओचा निघतो. दरम्यान पायांचा डॉपलर झाला होता, त्यात गुठळी सापडली नाही. इतक्या उशिरा ती सापडत नाहीच बहुधा. रक्ताच्या तपासण्याही स्वच्छ आल्या.

न्यूरोलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट, दोघांनी मिळून निर्णय घेतला, आणि मला आकडे समजावून सांगितले. २०१२-१३ पर्यंतच्या अभ्यासांत पीएफओ बंद करण्याचा ठळक फायदा दिसला नव्हता. २०१७ मध्ये चित्र बदललं. फ्रान्समधल्या क्लोज या अभ्यासात बंद केलेल्या २३८ जणांपैकी एकालाही पुन्हा स्ट्रोक आला नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या नुसत्या गोळ्यांवरच्या २३५ पैकी १४ जणांना आला, तोही सरासरी पाचेक वर्षांत. म्हणजे गोळ्यांवरही बहुतेकजण ठीकच राहिले, हेही त्यांनी लपवलं नाही. बंद केलेल्यांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही सांगितलं. मी विचार करायला वेळ मागितला आणि मग हो म्हणाले. समोर अजून तीस-चाळीस वर्षं आहेत आणि पडदा तसा हलता आहे, हा माझा हिशेब होता.

अडलं ते विम्यात. कॅशलेसला नकार आला: जन्मजात दोष, पॉलिसीत बसत नाही. मी बँकेत कागद वाचण्याचंच काम करते, म्हणून पॉलिसी काढून बसले. त्यात वगळलेलं होतं ते ‘बाह्य’ जन्मजात व्यंग. शरीराच्या आतल्या दोषाला फक्त प्रतीक्षाकाळ होता, आणि तो केव्हाच संपला होता. ते कलम अधोरेखित केलं. कार्डिओलॉजिस्टनी पत्र दिलं की ही प्रक्रिया पुढचा स्ट्रोक टाळण्यासाठी आहे, स्ट्रोकआधी हा दोष कुणाला माहीतच नव्हता. दुसऱ्या अर्जावर मंजुरी मिळाली. नकाराचं पत्र आलं म्हणून कुणी गप्प बसू नका, आधी त्यातलं कलम वाचा.

प्रत्यक्ष प्रक्रिया या सगळ्यात सोपी. आदल्या दिवशी नर्सनं विचारलं, “खोटे दागिने घातल्यावर कानाला खाज सुटते का?” कारण अशी खाज बहुधा निकेलच्या ॲलर्जीची असते, आणि आत बसणारी चकती निकेल आणि टायटॅनियमच्या जाळीची असते. जांघेतल्या शिरेतून नळी घालून ती चकती हृदयापर्यंत नेतात, तिचे दोन भाग पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पसरवतात. छाती उघडावी लागत नाही. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, तेवढाच त्रास. सुरुवातीचे काही आठवडे मधूनच छातीत धडधडायचं. होल्टरमध्ये काळजीचं काही नव्हतं, आणि ते कमी होत गेलं. काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, आता एकच. पहिले सहा महिने दाताचं काही काम निघालं तर आधी अँटिबायोटिक घ्यायचं, हे मी दाताच्या डॉक्टरांना स्वतः सांगितलं होतं.

बोलणं स्पीच थेरपीनं परत आलं. घाईत अजून एखादा शब्द अडतो. हाताचं म्हणाल तर नोटा मोजायला जमतं, पण सही बदलली. माझ्याच शाखेत माझा चेक सही जुळेना म्हणून परत आला, मग नमुना सही नव्यानं दिली.

सहा महिन्यांनी बबल टेस्ट पुन्हा केली. जोर देऊनही डावीकडे एकही ठिपका आला नाही. धाकट्या बहिणीनं विचारलं, मीही करून घेऊ का? डॉक्टर नको म्हणाले. स्ट्रोक आलेला नसताना नुसता पीएफओ सापडला तर त्यावर काही करायचं नसतं, उगाच घोर लागतो. तिला त्यांनी एवढंच सांगितलं, की लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून चालायचं, पाणी पीत राहायचं, आणि पोटरी सुजून दुखली तर दाखवायला यायचं.